ओस वास्तू आणि जुने गोवेचा धडा

गेल्या चवथीनंतर झालेल्या मंडळाच्या सर्वसाधारण सभेत जमाखर्च लवकर मंजूर झाला आणि उरलेला सगळा वेळ एकाच विषयावर गेला. देवळामागच्या मराठी प्राथमिक शाळेचे करायचे काय? मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव शाळा निघाल्या, त्यांतलीच ही एक. चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौले, पुढे पडवी. पट घटत घटत शाळा बंद झाली, त्याला आता तीन पावसाळे उलटले. सभेत दोन तट पडले. एक म्हणत होता, पाडून टाकून स्लॅबचा हॉल बांधावा. दुसरा म्हणत होता, जागा सरकारची आहे, सरकार बघून घेईल. आपण कशाला हात घालायचा?

तेव्हा मागच्या बाकावर बसलेले आमचे गुरुजी उठले. त्याच शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले. ते एवढेच म्हणाले, "पाडायची तर पाडा. पण त्याआधी सगळ्यांनी एकदा जुने गोवे नीट बघून या. ओस पडलेल्या देवघरांचे तिथे काय काय झाले ते डोळ्यांनी पाहा, मग ठराव करा."

एक तरुण सभासद पटकन बोलून गेला, "गणपतीच्या मंडळाने चर्च बघायला जायचे?" सभेत हशा पिकला. पण फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही मंडळी खरोखरच गेलो. आमची नोकरी सरकारी बांधकामाची. दुरुस्तीची अंदाजपत्रके तयार करण्यात अर्धे आयुष्य गेले, म्हणून त्या दिवशी पाहिलेले लिहून काढायचे काम आमच्याकडे आले. हा लेख म्हणजे तेच टिपण.

शहर आधी ओस पडले

जुने गोवेला आज आपण जातो ते गोंयच्या सायबाच्या फेस्ताला, नाहीतर पाहुण्यांना चर्च दाखवायला. पण एके काळी हे राजधानीचे शहर होते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो द आल्बुकेर्कने ते आदिलशाहीकडून दुसऱ्यांदा आणि कायमचे घेतले. पुढच्या शंभर वर्षांत मांडवीच्या काठी मठ, चर्च, इस्पितळे, वाडे यांची दाटी झाली. मग साथी आल्या. हिवताप, पटकी यांनी वस्ती विरळ होत गेली. १७५९ साली व्हाइसरॉयनेच आपले बिऱ्हाड पणजीला हलवले आणि १८४३ साली पणजी ही अधिकृत राजधानी झाली. माणसे गेली, मागे मोठमोठ्या भिंती राहिल्या.

त्यातच दुसरा घाव बसला. १७५९ साली पोर्तुगालने आपल्या सगळ्या मुलखातून जेझुइटांना हद्दपार केले. १८३४ साली पोर्तुगालमध्ये बाकीचे धार्मिक संघही बरखास्त झाले आणि १८३५ साली तो कायदा गोव्यात लागू झाला. पाद्री गेले, मठांना कुलपे लागली. लोकांची श्रद्धा आटली म्हणून ही चर्चे ओस पडली नाहीत. आधी शहर ओस पडले आणि मग सरकारी हुकमाने त्यांचे मालक गेले.

समोरासमोरच्या दोन इमारती

जुने गोवेत पवित्र टेकडी म्हणून ओळखला जाणारा एक चढ आहे. त्या चढावर दोन वास्तू जवळजवळ समोरासमोर आहेत. एका बाजूला सांत आगुस्तीनचा मनोरा, दुसऱ्या बाजूला सांता मोनिकाचा मठ. दोन्ही एकाच संप्रदायाच्या, दोन्ही चिऱ्यांच्या आणि दोन्ही सतराव्या शतकाच्या आरंभीच्या. १८३५ चा कायदाही दोघींना सारखाच लागला. आज त्यांतली एक पडकी आहे आणि दुसरी नांदती. आमच्या मते सबंध जुने गोवेचा धडा एवढ्या शंभर पावलांत आहे.

सांत आगुस्तीनचे चर्च १६०२ साली पुरे झाले. त्याच्या मनोऱ्याची उंची ४६ मीटर. १८३५ साली आगुस्तीनी पाद्री गेले आणि अवघ्या सात वर्षांनी, १८४२ साली, चर्चची कमानदार छतपट्टी कोसळली. १९३१ साली दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा पडला, १९३८ साली आणखी काही भाग पडला. घंटा मात्र त्याआधीच काढली होती. ती काही वर्षे आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ साली पणजीच्या मोठ्या चर्चमध्ये गेली. पणजीला पायऱ्यांवरच्या पांढऱ्याशुभ्र चर्चसमोर आपण सगळेच फोटो काढतो. त्या चर्चच्या मधल्या मनोऱ्यातली घंटा ती हीच.

सात वर्षांत एवढे मोठे छत कसे पडले, असे आमच्यातल्या एकाने विचारले. आमच्या धंद्यातल्या माणसाला याचे नवल वाटत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. त्याचे रक्षण करतो तो चुन्याचा गिलावा आणि डोक्यावरचे छप्पर. वरचे एक कौल सरकले की पाणी वाशात शिरते, वाशाला वाळवी लागते, भिंतीचा माथा भिजतो. भिजलेल्या माथ्यावर पाखरू पिंपळाचे बी टाकते. पिंपळाचे मूळ सांध्यात घुसते आणि सांध्यातला चुना धुपून जातो. कमानीत तर प्रत्येक दगड शेजारच्या दगडाच्या आधाराने उभा असतो. एक निसटला की बाकीचे थांबत नाहीत. यासाठी तोफ लागत नाही की भूकंप लागत नाही. सरकलेले कौल परत बसवायला वर चढणारा माणूस नाही, एवढे पुरते.

त्या ढिगाऱ्याखाली काय गाडले गेले होते? जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ साली इराणात शिराझ येथे शाह अब्बासच्या हुकमाने हालहाल करून मारले. तिच्या अस्थींचा काही भाग आगुस्तीनी पाद्र्यांनी गोव्यात आणून या मठात ठेवला होता. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात अस्थी सापडल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली आणि २०२१ साली भारत सरकारने त्यांतला एक अवशेष जॉर्जियाला सन्मानाने भेट दिला. एका देशाची संत राणी आपल्या इथे ढिगाऱ्याखाली होती आणि आपल्याला पत्ता नव्हता.

आता समोरची इमारत पाहा. सांता मोनिका हा जोगिणींचा मठ. १६०६ साली आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी पाया घातला, १६२७ साली बांधकाम पुरे झाले. १६३६ साली आगीने त्याची नासाडी झाली, तो पुन्हा बांधला. मधोमध चौक आणि चारी बाजूंनी तीन मजली इमारत. बाहेरून भिंतींना भले मोठे तिरपे टेकू दिलेले. १८३५ चा कायदा इथेही आला, पण एका फरकाने. पाद्र्यांचे मठ ताबडतोब बंद झाले. जोगिणींना मात्र जिवंत असेपर्यंत राहू दिले, फक्त नवी जोगीण घ्यायला मनाई केली. त्या एकेक करून कमी होत गेल्या. शेवटची जोगीण वारली १८८५ साली.

म्हणजे समोरचे छत कोसळल्यावरही इथे चाळीसेक वर्षे चूल पेटत होती. कुणीतरी गळती बघत होते, खिडक्या लावत होते, केर काढत होते. जोगिणींनंतर ती इमारत लष्कराला दिली गेली. सैनिकांनी तिची फार निगा राखली असे कुणी म्हणणार नाही, पण सैनिकांनाही डोक्यावर कोरडे छप्पर लागतेच. मुक्तीनंतर तिथे धर्मभगिनींच्या शिक्षणाची मातेर देई ही संस्था आली. वास्तू हातातून हातात गेली, पण रिकामी फार काळ राहिली नाही. गुरुजी चौकाकडे बघत म्हणाले, "शेवटच्या म्हातारीने घर धरून ठेवले म्हणून नातवंडांना घर मिळाले."

चर्चचे संग्रहालय

सांता मोनिकाच्या मठातल्या चर्चमध्ये २००२ पासून ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. ते मुळात १९९४ साली राशोलच्या सेमिनारीत सुरू झाले. राशोल हे नाव मराठी माणसाने विसरू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली पहिल्यांदा छापले गेले ते राशोललाच. गोव्याचा धर्मप्रांत, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि लिस्बनचे गुल्बेंकियन प्रतिष्ठान यांच्या सहकार्यातून संग्रहालय उभे राहिले. अलीकडे त्याची पुन्हा मोठी दुरुस्ती झाली आणि २०२२ साली ते नव्याने खुले झाले.

आत हस्तिदंत, चांदी, सोने, लाकूड, जरीकाम. चांदीकामाच्या कपाटासमोर आमच्यातले एक शेट बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या घरी सोनारकाम पिढीजात. त्यांनी बोटाने हवेत एक वेल काढून दाखवली आणि म्हणाले, "ही वेल आमच्या आज्याच्या हातची वाटते. आमच्याकडे देवाच्या प्रभावळीवर हीच असते." त्यांचे म्हणणे खोटे नाही. यांतल्या कितीतरी वस्तू इथल्या हिंदू कारागिरांनी घडवल्या आहेत. १५६७ साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करून घेऊ नयेत असे बजावले होते. बजावावे लागले, याचा अर्थ त्या करून घेतल्या जात होत्या. हुकूम निघत राहिले आणि हात चालत राहिले.

जुने गोवेतच सांत फ्रांसिस आसीस चर्चला लागून असलेल्या मठात १९६४ पासून भारतीय पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. तिथे वर व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग आहे आणि खाली कदंबकालीन विष्णू, वीरगळ, सतीशिळा मांडल्या आहेत. फ्रांसिस्कन पाद्र्यांच्या ओवऱ्यांत आज आपल्या गावांचे वीर उभे आहेत. ही मांडणी पाहून आमच्या त्या तरुण सभासदाचे हसू मावळले आणि तो प्रत्येक पाटी वाचू लागला.

डोंगरावरची मैफल

संध्याकाळी आम्ही मोंतच्या टेकडीवर गेलो. नोसा सिन्योरा दो मोंत हे लहान देऊळवजा कपेल. आल्बुकेर्कच्या विजयानंतर ते बांधले गेले आणि पुढे त्यात फेरफार होत गेले. वस्ती उठल्यावर झाडीत एकटे पडलेल्या या कपेलची दुरुस्ती फुंदासांव ओरियेंत या पोर्तुगीज प्रतिष्ठानाने गोवा सरकारच्या सहकार्याने केली. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे हिवाळ्याच्या अखेरीस मोंत संगीत महोत्सव भरतो. आत कपेलमध्ये पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि बाहेरच्या पटांगणात, मावळतीच्या उजेडात, हिंदुस्थानी संगीत आणि नृत्य.

आमच्यापैकी काहींनी हा महोत्सव पूर्वी ऐकला आहे. जाड भिंतींमुळे आत व्हायोलिनचा सूर ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. बाहेर तंबोरे लागतात तेव्हा खाली मांडवी तांबूस झालेली असते आणि माडांच्या वर चर्चांचे कळस दिसत असतात. या वास्तूला नवा उपयोग मिळाला, पण तिची वेदी कुणी हलवली नाही की तिच्यावर पडदा टाकून रंगमंच केला नाही. प्रार्थनेची जागा म्हणून तिचा मान राहिला. ऐकणाराही पायऱ्या चढताना आपोआप आवाज खाली आणतो.

मनातला सल

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मोंतवरून पलीकडे दिवाडी बेट दिसते. त्या बेटावर श्रीसप्तकोटेश्वराचे, कदंबांच्या कुलदैवताचे देवालय होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडले. भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्वे गावी नेले आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथल्या देवालयाचा जीर्णोद्धार करवला. असेच कुठ्ठाळीचे श्रीमंगेश प्रियोळला आले. आपल्यातल्या अनेकांच्या घरी ही कथा आज्या-पणज्यांकडून आलेली आहे. तेव्हा "त्यांची चर्चे राहिली काय, पडली काय, आपल्याला काय त्याचे?" असे कुणाला वाटले तर त्याला एकदम वाईट ठरवता येत नाही. तरुण सभासदाच्या त्या प्रश्नाच्या मुळाशी हेच होते.

त्याला उत्तर गुरुजींनी दिले. ते म्हणाले, "देव मंगेशीला गेला, म्हणून मंगेशीला संगीत वाढले, दीनानाथ तिथे जन्मले. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई याच मातीतल्या. ज्यांचे देव इथून निघून गेले त्यांचेच गाणे आज या पटांगणात मानाने बसते आणि चर्चवाले ते समोर बसून ऐकतात. यापेक्षा मोठा न्याय भिंत पाडून मिळाला असता का?"

कुणी काही बोलले नाही. आम्हाला त्यावर जोडायचे आहे ते एवढेच. पाडलेल्या देवळाचे दुःख ज्याला कळते, त्याला कोणतीही वास्तू नुसत्या बेफिकिरीने पडताना पाहवू नये. पाडणारे निदान वैर धरून आले होते. बेफिकिरीने पाडणाऱ्यांकडे तेही कारण नसते.

आपल्या शाळेसाठी

परतीच्या बसमध्ये आम्ही जे मुद्दे काढले ते सभासदांपुढे ठेवतो.

पहिला मुद्दा छपराचा. संग्रहालय, वाचनालय, नाट्यगृह ही चर्चा नंतर. आधी कौले, वासे, पन्हळी. सांत आगुस्तीनला सात वर्षे पुरली. आपल्या शाळेचे तीन पावसाळे झाले आहेत आणि मागच्या खोलीच्या कोपऱ्यात भिंत काळी पडली आहे, ती आम्ही पाहिली आहे.

दुसरा मुद्दा चुन्याचा. जुन्या चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. सिमेंट आतला ओलावा बाहेर येऊ देत नाही आणि चिरा आतून भुगा होतो. उलट, गिलावा काढून चिरा उघडा टाकणेही चूक. बॉम जेझूचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला आणि तो उघडा चिरा पावसात झिजतो आहे, ही चिंता जाणकार आजही व्यक्त करतात.

तिसरा मुद्दा उपयोगाचा. वास्तूला सोसेल असाच उपयोग तिला द्यावा. मोंतला लहान मैफल शोभते, हजार खुर्च्या शोभल्या नसत्या. आपल्या शाळेच्या दोन वर्गांच्या मधली फळ्यांची आडभिंत सरकवली तर शंभर माणसे बसतील. भजनाचा सराव, बालनाट्याची तालीम, पेटी-तबल्याचा वर्ग, संध्याकाळचे वाचनालय यांना तेवढी जागा पुष्कळ आहे. आणि वर्षातून एकदाच नव्हे, रोज कुणीतरी कुलूप उघडायला हवे. इमारत समारंभाने टिकत नाही. ती रोजच्या केरसुणीने टिकते.

चौथा मुद्दा संमतीचा. जुने गोवेत धर्मप्रांत, सरकार, तज्ज्ञ आणि पैसा देणाऱ्या संस्था एकत्र आल्या तेव्हा काम झाले. आपल्याकडे जागा सरकारची, आठवणी गावाच्या. म्हणून रीतसर अर्ज, भाडेपट्टा आणि देखभालीची लेखी जबाबदारी हे सगळे करावे लागेल. सरकारी कागद हळू चालतो, हे आमच्याइतके कुणाला ठाऊक असणार? पण अर्जच केला नाही तर तो मुळीच चालत नाही.

शाळा बंद झाली तेव्हा तिची पितळी घंटा मंडळाच्या कपाटात आणून ठेवली. मखराचे सामान काढताना दरवर्षी ती हाताला लागते. सांत आगुस्तीनची घंटा आज पणजीत वाजते आणि सुरेल वाजते, पण ती जिथली, तिथे तिला टांगायला मनोरा उरलेला नाही. आपल्या घंटेची पडवी अजून उभी आहे. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही काहीजण शिडी घेऊन शाळेवर जाणार आहोत. मोडकी कौले मोजायची आहेत. ज्यांना जमेल त्यांनी यावे.